डाव्या हाताची मुरड

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवायला नको. चाळीस वर्षं खाणावळीत ताटं वाढणाऱ्या बाईला भोळं राहून चालत नाही. माणूस दारातून आत आला की तो भुकेला आहे, भांडून आलाय, की नुसता बायकोला टाळायला आलाय, हे त्याने टोपी काढायच्या आत मला कळतं. आणि मला कळलं की गावाला कळतं, हेही खरं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. आमचे रोजचे गिऱ्हाईक ओरेस्ते म्हणतात, "नोर्माबाई असताना ह्या गावाला टपालखातं कशाला हवं होतं, देव जाणे." ओरेस्तेंनी स्वतः जन्मभर टपाल वाटलंय, तेव्हा त्यांना बोलायचा अधिकार आहे.

पण ही गोष्ट माझी नाही, माझ्या जावेची आहे. देल्फिनाची. मध्ये मध्ये मी येईन, त्याला इलाज नाही. एका घरातल्या दोन सुना म्हणजे एका दावणीला बांधलेल्या दोन गाई. एकीची गोष्ट सांगायची तर दुसरीचं शिंग लागणारच.

खाणावळ आमच्या सासूबाईंची, पालमिराबाईंची. खाली स्वयंपाकघर आणि चौदा टेबलं, वर राहायच्या खोल्या. त्यांना दोन मुलगे. थोरल्या अत्तिलिओची बायको देल्फिना, डोंगरातल्या वरच्या गावची. धाकट्या नेल्लोची बायको मी, नदीपलीकडची, क्रेमोनाची. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी आम्हा दोघींना पिठाच्या फळीसमोर उभं केलं आणि प्रत्येकीपुढे अकरा पाऱ्या ठेवल्या. पारीत ताजं चीज आणि चिरलेला पाला भरायचा, दोन्ही कडा एकीवर एक आणत वेणीसारखी मुरड घालायची आणि शेवटी शेपटी काढायची. शेपटीच्या तोर्तेल्ल्या म्हणतात त्यांना. आमच्या खोऱ्यात त्याशिवाय रविवार होत नाही.

देल्फिनाच्या अकराच्या अकरा झाल्या, एका ओळीत, जणू शाळेत निघाल्या होत्या. माझ्या मात्र पाण्यात सोडल्या तशा उकलल्या. सगळं चीज वर तरंगायला लागलं. सासूबाईंनी माझे दोन्ही हात धरले, उलटसुलट करून बघितले आणि म्हणाल्या, "चांगले भक्कम हात आहेत. ताटं उचल."

झालं. त्या दिवसापासून देल्फिना आत आणि मी बाहेर. ती बोलायची कमी, मी तिच्या वाट्याचंही बोलायचे. आमचं भांडण असं कधी झालं नाही, पण त्या अकरा तोर्तेल्ल्या मी विसरले नाही. सासूबाईंना जाऊन वीस वर्षं झाली तरी नाही. खरं सांगायचं तर फळीसमोर दुसऱ्यांदा उभं राहायला मला कुणी बोलावलंच नाही, ह्याचाच राग जास्त होता.

आता मुरडीचं सांगते. आमच्याकडे बाईची मुरड म्हणजे तिचं अक्षर. कुणी घट्ट घालतं, कुणी सैल, कुणाची शेपटी लांब, कुणाची तोडल्यासारखी. लग्नाच्या पंगतीत ताट आलं की लोक खायच्या आधी एखादी उलटून बघतात आणि सांगतात, ही अमकीची, ही तिच्या सुनेची, आणि ही कुणी रडत रडत केलेली दिसते. ओरेस्ते तर रोज. साडेबाराला घड्याळाखालच्या टेबलावर बसायचे, पहिली तोर्तेल्ली काट्याने उलटी करायचे, बघायचे, मग खायचे. मुलाच्या, लिवियोच्या वेळी देल्फिना बाळंतपणाला इस्पितळात होती आणि शेजारीण येऊन फळीसमोर उभी राहिली होती, तर ओरेस्तेंनी काटा खाली ठेवला. म्हणाले, "पोरगा झाला की पोरगी?" त्यांना कुणीही काहीही सांगितलं नव्हतं.

देल्फिनाची मुरड उजवीकडे झुकलेली, बारीक, अठरा घड्यांची. मी मोजल्या आहेत. जिचा हेवा वाटतो तिच्या घड्यासुद्धा मोजल्या जातात.

मार्च महिना होता, गुरुवार. ओरेस्तेंचं ताट उचलून मी निघाले आणि सवयीने खाली पाहिलं. अकरांपैकी तीन तोर्तेल्ल्या डावीकडे झुकलेल्या. घड्या जाड्या, दहा-अकराच, शेपटी वाकडी. मी दारातच थबकले. मनात पाल चुकचुकली ती तिथे.

मी ताट ठेवलं. ओरेस्तेंनी पहिली उलटली, बघितली, खाल्ली. नेमकी डावीकडची होती. मी बाजूला रेंगाळले.

"काही दिसतंय का?"

"दिसतंय की."

"मग?"

"मग काय, जेवतोय. थोडं चीज वाढा वरून."

हा माणूस शेजारणीच्या मुरडीवरून बाळंतपण ओळखणारा! मला त्याचाही संशय आला.

आत जाऊन देल्फिनाला विचारलं, "आज मुरड वेगळी दिसली गं."

"घाईत झाली असेल."

देल्फिना आणि घाई! ही बाई नवऱ्याच्या अंत्ययात्रेलासुद्धा पीठ झाकून, हात धुऊन, ॲप्रन काढून निघाली होती. मी काही बोलले नाही. म्हणजे तिच्याशी नाही बोलले. नेल्लोशी बोलले.

नेल्लो बाटल्या पुसत होता. म्हणाला, "चवीला चांगल्या लागतात ना? मग आपल्याला काय करायचंय?"

पुरुषांना जिभेच्या पलीकडे काही नसतं.

पुढच्या आठवड्यापासून स्वयंपाकघराचं दार बंद व्हायला लागलं. आमच्या त्या दाराला कडी आहे, हेच मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं. सकाळी आठला बंद, दहाला उघड. मी ठोठावलं की आतून, "वाफ बाहेर जाते, नोर्मा." अगं, पाणी चुलीवर चढतं अकराला, आठ वाजता वाफ कसली? बरं, दार उघडल्यावर तिचा उजवा हात कायम ॲप्रनच्या खिशात. डाव्याने भांडी उचलायची, डाव्याने मीठ टाकायची. रविवारी कॉफीच्या वेळी ती बाहेर येऊन गिऱ्हाइकांशी हात मिळवायची, ही सासूबाईंपासूनची रीत. तेही बंद. म्हणे पाय दुखतात. पाय दुखणारी बाई चार तास उभी राहते, आणि चार पावलं बाहेर येत नाही?

कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते शोधल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नव्हतं.

ह्यात जीव कशाला एवढा टांगणीला लागला, तेही सांगते. अत्तिलिओ गेल्यापासून त्याचा हिस्सा त्यांच्या मुलाकडे, लिवियोकडे. तो शहरात, प्याचेंत्साला असतो, इमारतींचे नकाशे काढतो, पोरगा सोन्यासारखा. नाताळात सगळ्यांसमोर त्याने सांगून टाकलं होतं, "ज्या दिवशी आईचा हात थांबेल त्या दिवशी खाणावळ बंद. आजीच्या पाटीखाली मी यंत्राचा माल विकणार नाही, आणि आईला झिजवणारही नाही. ती माझ्याकडे राहील, आरामात." बोलला तो प्रेमानेच. नंतर भांडी आवरताना देल्फिना मला म्हणाली, "चौथ्या मजल्यावर राहतो तो. तिथे मी दिवसभर काय करू गं, नोर्मा? लिफ्टची वाट बघत बसू?" तिचं एवढं लांब वाक्य मी वर्षभरात ऐकलं नव्हतं.

खाणावळ बंद झाली तर ती चौथ्या मजल्यावर, आणि मी? मी कुणाची ताटं उचलणार? नेल्लोची?

म्हणून वाटलं, ही बया बाहेरून माल आणवतेय. पुलापलीकडे इरिदेचं दुकान आहे, ताज्या तोर्तेल्ल्या विकते. तिच्या तोर्तेल्ल्या पालमिराबाईंच्या पाटीखाली! कळलं असतं तर गावाने आम्हाला नदीत बुडवलं असतं. मी इरिदेकडे गेले, अर्धा किलो मागितल्या.

इरिदे गालात हसली. "काय गं नोर्मा, जावेने उपाशी ठेवलं वाटतं?"

"आजारी पाहुणा आहे, त्याला बेचवच द्यायला सांगितलंय," मी म्हटलं.

घरी आणून उलटून पाहिल्या. इरिदेची मुरड आवळलेली, उजवीकडचीच. तिची नव्हती. मग मी पीठवाल्याला गाठलं. पोती पूर्वीइतकीच येत होती. अंडीही तेवढीच. म्हणजे माल घरातच होत होता. मग कोण येत होतं? मागचं, बोळाकडचं दारही आतून लावलेलं असायचं; एका सकाळी मी त्याच्या उंबऱ्यावर चिमूटभर पीठ भुरभुरवलं. दहा वाजता जाऊन पाहिलं. मांजराची चार पावलं, बस्स. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. आणि ताटात मात्र परकी मुरड, तीनच्या चार झालेल्या.

दहानंतर तोर्तेल्ल्यांची ताटं बोळात दगडी कट्ट्यावर सुकायला ठेवलेली असायची, वर फडकं. मी त्यातली एकेक डावीकडची उचलायला लागले. पुरावा म्हणून. एका रुमालात गुंडाळायची आणि शीतपेटीत अगदी तळाला, बर्फाच्या लाद्यांखाली. नेल्लोने एकदा पाहिलं. म्हणाला, "हे काय?" म्हटलं, "तुझं काम कर."

ईस्टरपर्यंत डावीकडच्या सहा झाल्या होत्या. त्याहून भयंकर म्हणजे त्या सुधारत होत्या. घड्या बारीक होत होत्या, शेपटी सरळ होत होती. जी कोण होती ती शिकत होती! आणि देल्फिनाच्या स्वतःच्या, उजवीकडच्या, त्या मात्र विस्कटत चालल्या होत्या, जणू तिचं लक्षच उडालं होतं. तेव्हा मला कळलं की काय चाललंय. निदान मला तसं वाटलं. बंद दाराआड देल्फिना कुणाला तरी शिकवत होती. आपल्यामागे फळी कुणाच्या तरी हातात देत होती. कुणा परक्या पोरीच्या. चाळीस वर्षं एका छपराखाली राहिलेल्या जावेला एक पारी लाटायला दिली नाही, आणि तिला दिली!

मी त्या दिवशी बोळात उभी राहून रडले. रागाने रडले. चोरलेली तोर्तेल्ली हातात तशीच.

मेमध्ये आमच्या गावच्या संताचा रविवार येतो. त्या दिवशी प्रार्थना सुटली की अर्धं गाव आमच्याकडे. लिवियो बायकोला घेऊन आला होता, मधल्या टेबलावर. ओरेस्ते घड्याळाखाली. त्या दिवशीच्या ताटांत अकरांपैकी आठ डावीकडच्या. मी ठरवूनच गेले होते. लिवियोपुढे ताट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "जरा उलटून बघ, बाळा. हा तुझ्या आईचा हात आहे का?"

लिवियोने एक उलटली, दुसरी उलटली. त्याला मुरडीतलं ओरेस्तेंइतकं कळत नाही, पण आईची मुरड कळणार नाही इतकाही तो शहरी झाला नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "कोणाची आहे?"

"तेच मी विचारतेय दोन महिने. आत जाऊन तूच विचार."

पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, "इरिदेची असेल." कुणीतरी हसलं. लिवियोचा चेहरा पडला. त्याने मांडीवरचा रुमाल टेबलावर ठेवला, बायकोला म्हणाला, "आलोच," आणि उठला. मला इतका आनंद झाला की सांगताना लाज वाटते.

मी त्याच्यामागे निघाले, तर घड्याळाखालून ओरेस्तेंनी माझी बाही धरली.

"नोर्माबाई, काय केलंत हे?"

"खरं ते बाहेर काढलं. तुम्हाला तर काही दिसतच नव्हतं!"

"दोन महिने दिसतंय." त्यांनी आवाज खाली आणला. "माझ्या हद्दीत एक माणूस होता, मिलानला भावाला पत्र पाठवायचा. करवतीत त्याचा उजवा हात गेला. तीन महिन्यांनी पत्र आलं, वेडंवाकडं, डावीकडे कललेलं. मी पाकीट बघितलं आणि ओळखलं. अक्षर बदललं होतं, बाई. माणूस तोच होता."

मला एक क्षण काहीच कळेना. मग सगळं एकदम कळलं. खिशातला हात. डाव्याने टाकलेलं मीठ. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालून मी इरिदेच्या दुकानापर्यंत जाऊन आले होते.

लिवियोला मधल्या टेबलावरच्या एका म्हातारीने थांबवलं होतं, गालाचे मुके घ्यायला. देव तिचं भलं करो. मी बाजूच्या बोळातून धावले. साठी उलटलेली बाई धावते तशी, भिंतीला हात लावत. बोळाकडचं दार मी खांद्याने ढकललं.

देल्फिना फळीसमोर एकटीच होती. ताटं संपली म्हणून आणखी करत होती. उजवा हात फळीच्या कडेवर पडला होता आणि थरथरत होता, थांबायचं नावच घेत नव्हता. डावा हात मुरड घालत होता. सावकाश. पारी फळीला टेकवून अंगठ्याने कड ओढायची, दाबायची, पुढची ओढायची. दोन हातांचं काम एका हाताने. कपाळावर घाम. तिने वर पाहिलं. मला बघून ती दचकली नाही, तिने फक्त डोळे मिटले. जिला कळू नये म्हणून दार लावलं तीच समोर उभी, असं काहीतरी त्या चेहऱ्यावर होतं.

"लिवियो येतोय," मी म्हटलं.

तिने उजवा हात खिशात कोंबला. हात पिठाने माखलेला, आणि खिसाही हलायला लागला. बाहेर त्याची पावलं वाजत होती. मी फळीशी गेले, तिला खांद्याने बाजूला सारलं आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाच्या डब्यात खुपसले. एक पारी ओढली. दार उघडलं.

"आई, ह्या कुणी केल्यात?"

"मी," मी म्हटलं.

"काकू, तू?"

"मग काय झालं? मला हात नाहीत का? तुझ्या आजीने हाकलली म्हणून काय जन्मभर ताटंच उचलू? दोन महिने शिकतेय तुझ्या आईकडे. चोरून. लोक हसतील म्हणून."

"पण आत्ता तूच तर म्हणालीस..."

"म्हटलं बघू, कुणी ओळखतं का. नाही ओळखलंत. सगळे आंधळे!"

लिवियोने माझ्याकडे पाहिलं, माझ्या पिठातल्या हातांकडे पाहिलं, फळीवरच्या वाकड्या शेपट्यांकडे पाहिलं. मग आईकडे वळला. "आई, खरं?"

देल्फिना माझ्याकडे बघत होती. आणि काय नजर होती ती! चाळीस वर्षं मी जगाकडे जशी बघत आलेय तशी. ही आता काय मागणार, ह्याची किंमत काय लावणार, उद्या कुणाकुणाला सांगणार, असं सगळं त्या नजरेत होतं. मला वाटलं, आता ही बोलून टाकणार.

मग ती म्हणाली, "मठ्ठ आहे. पण येतंय हळूहळू."

लिवियो जो हसला! त्याने मला मिठी मारली, त्याच्या चांगल्या कोटाला पीठ लागलं. बाहेर जाऊन सगळ्यांना सांगून मोकळा झाला. पुतण्या कुणाचा? त्या दुपारी माझी जी काही टर उडाली ती विचारू नका. "नोर्माबाईंना म्हातारपणी शेपटी फुटली!" "तरीच म्हटलं, तोर्तेल्ली एवढी वाकडी का बोलतेय!" नेल्लो बाटली हातात घेऊन तोंड उघडं टाकून उभा होता. मी ताटं उचलत राहिले. एरवी एकेकाला चार ऐकवल्या असत्या. ओरेस्ते तेवढे हसले नाहीत. उठताना त्यांनी माझ्यापुढे टोपी काढली.

चार वाजता शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर मी आत गेले. देल्फिना स्टुलावर बसली होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला?" ती म्हणाली. "तुला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत पुलापलीकडे पोचलं असतं."

दोन महिने मी काय केलं होतं?

"डॉक्टर काय म्हणाला?"

"हा गेला. दुसराही जाईल, सावकाश." तिने डावा हात उघडून बघितला. "म्हटलं, जाईपर्यंत तरी ह्याला शिकवावं. एकोणसत्तराव्या वर्षी हात ऐकत नाही गं पटकन." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि कट्ट्यावरच्या अकरा कुठे गेल्या?"

"कुठल्या अकरा?"

"मी मोजते, नोर्मा. मांजराने खाल्ल्या असत्या तर फडकं नीट झाकून गेलं नसतं. मला वाटलं, तूच खातेस. कच्च्या. म्हटलं, चाळीस वर्षांनी भूक लागली बिचारीला."

मी हसायला लागले आणि ती पण. मग हसू थांबलं. ती म्हणाली, "लिवियोला कळता कामा नये. मी आहे तोवर."

"नाही कळणार."

तिने पुन्हा त्याच नजरेने पाहिलं. मी म्हटलं, "बघ तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी आत गेले आणि कडी मी लावली. खोटं बोलले होते, आता ते खरं करणं भाग होतं. देल्फिनाने मला कसं शिकवलं, तर शिव्या देऊन. जन्मभर न बोललेलं सगळं तिने त्या दोन तासांत बोलून घेतलं. "अगं, गळा दाबतेयस का तिचा?" "पारी आहे ती, नेल्लोचा पायमोजा नव्हे." ती डाव्या हाताने दाखवायची, म्हणून माझी मुरडही डावीकडेच झुकली. पहिल्या महिन्यातल्या सगळ्या आम्ही घरीच खाल्ल्या. पानगळीपर्यंत ताटात माझ्या चार जायला लागल्या. पुढच्या वर्षी सात. कुणाला फरक कळला नाही, कारण वाकड्या तेवढ्या नोर्माच्या, हे गावाने पक्कं धरलं होतं. माझ्या सुधारत होत्या आणि तिच्या बिघडत होत्या, आणि मध्ये कुठेतरी दोन्ही एकसारख्या झाल्या. त्यानंतर तिचा डावा हातही थांबला. मग ती फळीशेजारी खुर्चीत बसून नुसती शिव्या द्यायची. माझ्या संगतीने तिचीही मुरड डावीकडे वळली, असं मी लिवियोला सांगून ठेवलं होतं, म्हणून त्याला वाटे, आई अजून अर्ध्या करते.

आणि मी बोलले नाही. कुणालाही नाही, नेल्लोलासुद्धा नाही. रात्री माझ्या घशाशी यायचं, मी पाणी पिऊन गिळायचे.

ह्या फेब्रुवारीत देल्फिना गेली. वरच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या बरोबर वर. चौथ्या मजल्यावर नाही.

महिन्याभराने मी शीतपेटी रिकामी करायला घेतली. बर्फ फोडला तर तळाशी रुमाल. मी तो साफ विसरले होते. आत अकरा तोर्तेल्ल्या, दगडासारख्या. पहिल्या दिवसांतल्या, जाड घड्यांच्या, वाकड्या शेपटीच्या.

त्याच दुपारी लिवियो कागदपत्रांसाठी आला. एकटाच, उतरलेला. म्हणाला, "काकू, काहीही वाढ." मी पाणी ठेवलं. लोणी वितळवलं, त्यात सेजची पानं टाकली आणि त्या अकराच्या अकरा शिजवल्या. एकही उकलली नाही. त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि बाजूला उभी राहिले, जशी नेहमी राहते.

तो फोनकडे बघत खात होता. मध्येच त्याचं लक्ष गेलं, काट्यावर एक धरून हसला. "ह्या तुझ्या सुरुवातीच्या दिसतायत, काकू. काय हे, बुटाच्या नाड्या बांधल्यासारख्या! आईने कसं सहन केलं तुला?" आणि उरलेल्या तीन त्याने ताटाच्या कडेला सारल्या. "पुरे. पोट भरलं."

मी ॲप्रन न काढताच त्याच्यासमोर बसले. गिऱ्हाइकाच्या टेबलावर मी कधी बसत नाही.

"लिवियो, त्या माझ्या नाहीत. तुझ्या आईच्या आहेत. तिचा उजवा हात गेला होता. डाव्या हाताने केलेल्या आहेत."

तो हसणार होता. मग त्याने माझा चेहरा बघितला. मी सगळं सांगितलं, खिशातल्या हातापासून. त्याने फोन उपडा ठेवला. काट्याने एक तोर्तेल्ली उलटी केली, मग दुसरी, मग तिसरी. बोटाने शेपटीला हात लावला.

"मी आठ खाल्ल्या, काकू," तो म्हणाला. "बघितल्याच नाहीत."

लोणी थिजत चाललं होतं. गरम करून देऊ का, असं मी विचारलं नाही. मग त्याने त्या तिन्ही खाल्ल्या, एकेक, घड्या मोजत. मी ताट उचललं नाही.